खा आणि चालते व्हा: सायप्रसच्या धाब्यावर फेकलेल्या चार ओळी

तित्सिन तित्सिन लुकानिकोन,
माशेरिन माव्रोमानिकोन,
कोमातिन क्सेरोतियानोन,
ना फाते जे ना फीएते.

सायप्रसच्या ग्रीक बोलीतल्या या चार ओळी. मराठीत त्यांचा ऐवज साधारण असा: सॉसेजचा तुकडा, काळ्या मुठीची सुरी, तळलेल्या गोळ्याचा घास, खा आणि चालते व्हा. गावागणिक ओळी मागेपुढे होतात, एखादा शब्द बदलतो, पण शेवटची ओळ कुणी सोडत नाही. म्हणायची वेळ ठरलेली, ५ जानेवारीची संध्याकाळ. म्हणणारी घरची बाई आणि तिच्याभोवती गलका करणारी पोरं. ज्यांना उद्देशून हे म्हणायचं ते मात्र दिसत नाहीत. ते वर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, बसलेले असतात, असं मानायचं.

वरवर पाहिलं तर हे पोरांचं बडबडगीत आहे. पण जरा थांबून पाहा. खाण्याच्या दोन जिनसा आणि मध्येच सुरी. ती तिथे काय करतेय? सॉसेज कापायला ठेवलीय, की पाहुण्यांना दाखवायला? शिवाय आधी जेवायला घालायचं आणि त्याच दमात हाकलायचं, ही कुठली रीत? ओळी चारच आहेत, पण त्या उलगडायला स्वयंपाकघरापासून चर्चच्या पंचांगापर्यंत सगळीकडे डोकवावं लागतं.

आधी धाब्यावर बसलेल्यांविषयी. ग्रीक मुलखात त्यांना कालिकांझारी म्हणतात, सायप्रसच्या खेड्यांत स्कालापुंदारी हेही नाव चालतं. काळे, केसाळ, वेडेविद्रे, कुठे बोकडाचे पाय तर कुठे गाढवाचे कान. वर्षभर ते जमिनीखाली असतात. तिथे एक झाड आहे, त्याच्या खोडावर अख्खी पृथ्वी तोललेली आहे, आणि हे लोक करवत घेऊन ते खोड कापत बसतात. नाताळ येईपर्यंत खोड जवळजवळ तुटतं. अजून चार हात करवत चालवली की जग कोसळलंच. नेमक्या त्याच वेळी त्यांना वर जायची हुक्की येते. बारा दिवस ते माणसांत हुंदडतात, आणि परत खाली जाऊन बघतात तर झाड पुन्हा जसंच्या तसं भरून आलेलं. मग पुन्हा पहिल्यापासून करवत.

म्हणजे जग वाचतं ते यांच्या हावरटपणामुळे. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात आवडतो. कारण हे राक्षस नाहीत. ते जीव घेत नाहीत, खोड्या काढतात. धुराड्यातून घरात उतरतात, चुलीतल्या राखेत मुततात, पीठ सांडतात, रात्री एकट्या वाटसरूच्या पाठीवर बसतात. आणि बुद्धीनं यथातथाच. दाराशी चाळणी टांगून ठेवली की तिची भोकं मोजत बसतात. एक, दोन, आणि तीन म्हणता येत नाही, कारण तीन हा पवित्र आकडा. पुन्हा एक, दोन. तेवढ्यात कोंबडा आरवतो. अशा मंडळींशी लढाई करायची नसते, त्यांना गुंडाळायचं असतं. आपल्या चार ओळी त्याच जातीच्या.

आता ते बाराच दिवस का? इथे पंचांगाचा गुंता आहे, पण तो सुटण्यासारखा आहे. ख्रिस्ताचा जन्म आणि त्याचा यॉर्डन नदीतला बाप्तिस्मा हे दोन्ही प्रसंग पूर्वेकडच्या चर्चमध्ये सुरुवातीला ६ जानेवारीलाच साजरे व्हायचे. २५ डिसेंबर ही तारीख पश्चिमेकडून आली आणि चौथ्या शतकाच्या अखेरीला पूर्वेत रुजली. जन्म २५ डिसेंबरला सरकला, बाप्तिस्मा ६ जानेवारीलाच राहिला, आणि मध्ये बारा दिवसांचं अंतर पडलं. पश्चिमेत इ. स. ५६७ च्या, आजच्या फ्रान्समधल्या तूर येथील धर्मसभेनं हे सगळे दिवस सणाचे ठरवले. पूर्वेतही ते सणाचेच. पण लोकांच्या मनात त्यांना एक अधांतरी रंग आला. देव जन्मला आहे पण त्याचा बाप्तिस्मा अजून झालेला नाही. ऑर्थोडॉक्स, म्हणजे या पूर्वेकडच्या, चर्चमध्ये ६ जानेवारीच्या सणाला पाणी आशीर्वादित करतात. तोवर जगातलं सगळं पाणीच ‘बाप्तिस्मा न झालेलं’ असं खेड्यात म्हटलं जायचं.

या अधांतरी काळात कोण मोकळं सुटणार? ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही तेच. कालिकांझारी म्हणजे बाप्तिस्म्याआधीच दगावलेल्या बाळांचे आत्मे, ही त्यांच्याविषयीच्या समजुतींपैकी एक. खिऑस बेटावरचा विद्वान लिओ अलातिऊस यानं १६४५ मध्ये छापलेल्या लिखाणात आणखी एक प्रकार नोंदवला आहे: नाताळच्या आठवड्यात जन्मलेलं मूल पुढे कालिकांझारी होतं असं लोक मानायचे, आणि ते टाळण्यासाठी त्या बाळाच्या पायाच्या नखांना आगीची धग द्यायचे. कारण विचाराल तर हिशेब सरळ आहे. २५ मार्चला देवदूतानं मारियेला वार्ता दिली, तिथून नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर. त्या सुमारास जन्मलेलं मूल म्हणजे देवाच्या आईच्याच मुहूर्तावर राहिलेला गर्भ, आणि हा आगाऊपणा समजला जायचा. त्याची शिक्षा मुलाला.

बाळं मोठ्या प्रमाणात दगावत होती त्या काळातली ही समजूत आहे, हे लक्षात ठेवलं की धाब्यावरचे ते वेंधळे पाहुणे नुसते गमतीचे राहत नाहीत. नाव ठेवायच्या आधी गेलेलं मूल कुठे जातं, या प्रश्नाला चर्चचं उत्तर कोरडं होतं. खेड्याचं उत्तर असं की ते भुकेलं असतं, वर्षातून एकदा येतं, त्याला खाऊ घालून परत पाठवायचं. सगळ्या गावांनी असाच विचार केला असेल असं मी म्हणत नाही. पण खायला देऊन निरोप देण्याची रीत या समजुतीशी चपखल बसते.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण त्या चार ओळी मुळात तिथेच शिजल्या आहेत.

सायप्रसच्या खेड्यात घरोघरी एक डुक्कर पोसलेलं असायचं आणि ते नाताळच्या सुमाराला कापायचे. एवढं मांस एकदम खाऊन संपत नाही. मग ते टिकवायचं. मांसाचे तुकडे लाल वाइनमध्ये मुरत ठेवायचे, धने आणि तिथल्या रानात वाढणाऱ्या स्खिनोस या झुडपाची फळं घालायची, आतड्यात भरायचं आणि धुरावर टांगायचं. ही लुकानिका. त्याच डुकराच्या पाठीच्या मांसाचा लुंझा, डोक्या-पायांचा जेलीसारखा गोठवलेला झालातिना. म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घरात वर्षातला सगळ्यात मोठा मांसाचा साठा असतो, आणि तोही धुराड्याजवळ लोंबतोय. धुराड्यातून उतरणाऱ्या हावरटांच्या गोष्टी नेमक्या याच दिवसांत का रंगतात, हे वेगळं सांगायला नको.

क्सेरोतियाना हा दुसरा पदार्थ. पीठ, पाणी, यीस्ट आणि चिमूटभर मीठ. पीठ सैलसर भिजवून झाकून ठेवायचं. ते फुगून वर आलं, बुडबुडे दिसू लागले की डाव्या मुठीत घ्यायचं आणि मूठ आवळायची. अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येतो. तो तेल लावलेल्या चमच्यानं तोडायचा आणि कढईत सोडायचा. गोळा बुडतो, मग उसळून वर येतो आणि स्वतःच उलटतो. लालसर झाला की गरमागरम काढून गार पाकात टाकायचा. गरम गोळा आणि गार पाक, हे उलटं झालं तर तो मऊ पडतो. पाकात दालचिनी, कुणी गुलाबपाणी. नाहीतर वरून नुसता मध. कढई चढलेली असतानाच त्यातले काही गोळे आणि सॉसेजचे तुकडे बाहेर नेऊन धाब्यावर भिरकावायचे, आणि त्या चार ओळी म्हणायच्या.

धाब्यावर, कारण घरं तशीच होती. ट्रूदोस आणि पेंतादाक्तिलोस या दोन डोंगररांगांमध्ये मेसाओरियाचं मैदान आहे. तिथली जुनी घरं कच्च्या विटांची आणि वर सपाट मातीचं धाबं. हिवाळ्याच्या रात्री वर काहीतरी धपकन उडी मारतं, पावलं वाजतात, खाली सगळे कान टवकारतात. वर बहुतेक मांजर असणार. सायप्रसमध्ये मांजरांना तोटा नाही. शिलुरोकांबोस इथे माणसाच्या थडग्याशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. सकाळी धाब्यावर सॉसेजचा तुकडा शिल्लक नसायचा याचं श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

या ताटात एक गोष्ट खटकायला हवी. ५ जानेवारी हा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये कडक उपवासाचा दिवस. बारा दिवसांत एरवी उपवास नसतात, पण सणाच्या आदल्या दिवशी मांस, अंडी, दूध वर्ज्य. क्सेरोतियानात अंडं नाही की दूध नाही, त्यामुळे ते उपवासाला जवळचे. सॉसेज मात्र अजिबात चालत नाही. तरीही ओळीची सुरुवात सॉसेजनं होते. म्हणजे घरातले ज्याला आज हात लावणार नाहीत ते, वर बसलेल्यांना. माझ्या मते यात गंमत आहे आणि मर्मही. ज्यांना उपवास नाही, ज्यांचा देवाशी काही संबंध नाही, त्यांच्यापुढे मांस टाकायचं, आणि त्यांनी ते खाल्लं की ते आपल्यातले नाहीत हे नक्की. हा माझा अर्थ, कुणा आजीनं असं सांगितल्याचा माझा दावा नाही. पण उपवासाची तारीख आणि ओळीतलं सॉसेज शेजारी ठेवल्यावर हा विचार टाळता येत नाही.

आता ती सुरी.

काळ्या मुठीची सुरी हे ग्रीक लोकसमजुतींमधलं ठरलेलं हत्यार आहे. समुद्रात पाण्याचा सोट उठला तर खलाशी काळ्या मुठीची सुरी रोवून तो ‘कापायचे’. भुताखेतांपासून बचावासाठी तिनं जमिनीवर रिंगण आखायचे आणि आत उभे राहायचे. बाळंतिणीच्या आणि तान्ह्या बाळाच्या उशाशी ती असायची. लोखंडाला पिशाच्चं घाबरतात ही समजूत जगभर आहे, काळी मूठ ही तिला मिळालेली भूमध्य सागरी जोड. त्यामुळे ही सुरी कापायची आहे की दाखवायची, याचं माझं उत्तर असं: ऐकणाऱ्याला कापायची वाटावी आणि म्हणणाऱ्याला दाखवायची माहीत असावी, म्हणूनच ती दोन खाद्यपदार्थांच्या मध्ये ठेवली आहे. यजमानीण हसतमुखानं ताट वाढतेय आणि त्याच ताटात पातं चमकतंय. उघड धमकी दिली तर पाहुणा चिडतो, नुसतंच खायला दिलं तर मुक्काम ठोकतो.

मग शेवटची ओळ. खा आणि चालते व्हा. हिची मुळं शोधताना अभ्यासक फार मागे जातात, आणि जाण्यासारखं तिथे खरंच काही आहे. प्राचीन अथेन्समध्ये हिवाळा सरताना अँथेस्टेरिया हा तीन दिवसांचा सण असायचा. त्या दिवसांत मेलेल्यांचे आत्मे गावात फिरतात अशी समजूत. लोक दारांना डांबर फासायचे, सकाळी एका काटेरी झुडपाची पानं चघळायचे, आणि तिसऱ्या दिवशी मडक्यात सगळी धान्यं एकत्र शिजवून पाताळाच्या हर्मीस देवाला अर्पण करायचे. सण संपला की म्हणायचे: बाहेर व्हा, अँथेस्टेरिया संपला. बाहेर कुणी व्हायचं, यावर जुन्या टीकाकारांतच दोन मतं होती. काहींच्या मते हे पिशाच्चांना उद्देशून, काहींच्या मते सणापुरत्या मोकळ्या सोडलेल्या कारिया प्रांतातल्या गुलामांना. रोममध्ये लेमुरिया होता, ९, ११ आणि १३ मे. ओव्हिड या कवीनं त्याचं वर्णन केलंय. घरचा कर्ता मध्यरात्री अनवाणी उठतो, हात धुतो, मागे न बघता काळे दाणे फेकत जातो आणि नऊ वेळा म्हणतो की या दाण्यांनी मी मला आणि माझ्यांना सोडवतो. मग काशाचं भांडं वाजवून पूर्वजांच्या भुतांना नऊ वेळा बजावतो की निघा.

फेकलेलं अन्न, ठरलेली वेळ, ठरलेले शब्द, आणि शेवटी ‘निघा’. साम्य ठसठशीत आहे. पण इथेच सावध व्हावं. अथेन्सचा तो सण आणि सायप्रसची ही संध्याकाळ यांच्यामध्ये दोन हजार वर्षं आणि एक धर्मांतर आहे, आणि मधल्या काळात हेच शब्द अखंड चालत आल्याचा पुरावा कुणाच्या हाती नाही. एकोणिसाव्या शतकात ग्रीस नव्यानं स्वतंत्र झाल्यावर प्रत्येक खेडवळ चालीत प्राचीन ग्रीस शोधायची हौसच आली होती. निकोलाओस पोलितिस यांनी ग्रीक लोकविद्येचा पाया घातला तो याच वातावरणात. इंग्रज अभ्यासक जॉन कथबर्ट लॉसन यांनी १९१० मध्ये कालिकांझारींचं नातं थेट पुराणातल्या अर्ध्या माणूस, अर्ध्या घोड्याच्या सेंटॉरशी जोडलं. वाचायला मजा येते, पटायला जड जातं. माणसं एकमेकांचं न बघताही अशा रीती शोधून काढतात. आपल्याकडे ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात, तेही ठरलेल्या दिवशी ठरलेले शब्द बोलून नको ते घराबाहेर काढणंच आहे, आणि त्यासाठी अथेन्सहून कुणी यावं लागलं नाही.

त्यापेक्षा जवळचा धागा मुखवट्यांचा आहे. रोमन साम्राज्यात जानेवारीच्या पहिल्या दिवसांत कालेंदे नावाचा धिंगाणा चालायचा. लोक प्राण्यांची कातडी पांघरून, मुखवटे घालून दारोदार फिरायचे, खायला मागायचे. चर्चनं शतकानुशतकं त्यावर आगपाखड केली. इ. स. ६९२ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेनं ६२ व्या नियमानं ते मुखवटे आणि नाच बंद केले. त्याच सभेच्या ३९ व्या नियमात, अरबांच्या स्वाऱ्यांमुळे बेट सोडून हेलेस्पाँटच्या (आजच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या) काठी गेलेल्या सायप्रसच्या मुख्य धर्माधिकाऱ्याचे हक्क शाबूत राखलेत. म्हणजे सायप्रसचे लोक त्या सभेच्या डोळ्यांसमोर होते. काळी, केसाळ, बोकडाच्या पायांची, रात्री दारात येऊन खायला मागणारी माणसं. बंदी आली, माणसं हळूहळू कमी झाली, आणि त्यांचं वर्णन गोष्टीत उरलं. हे शक्य आहे, आणि सेंटॉरपेक्षा मला तरी जास्त पटतं.

ग्रीसच्या मुख्य भूमीवर याच रात्रीचं दुसरं एक म्हणणं प्रसिद्ध आहे, त्यात कालिकांझारी स्वतः बोलतात. पळा पळा, तो वेडा पाद्री आला, पवित्र पाणी आणि शिंपडायची जुडी घेऊन. तिथे हाकलणारा पाद्री आहे. सायप्रसमध्येही पाद्री ५ तारखेला घरोघर फिरून तुळशीसारख्या सुवासिक पाल्याच्या जुडीनं पाणी शिंपडतो, त्यात फरक नाही. पण सायप्रसच्या ओळींत त्याचा पत्ताच नाही. देवाचं नाव नाही, क्रूस नाही, पाणी नाही. आहे ते घरातलं: धुराड्याजवळचं सॉसेज, कढईतला गोळा, मांडणीवरची सुरी. पाद्री येऊन गेला तरी बाईनं आपला वेगळा बंदोबस्त ठेवलेलाच.

दुसऱ्या दिवशी, ६ जानेवारीला, लार्नाका आणि लिमासोलच्या किनाऱ्यावर धर्माधिकारी समुद्रात क्रूस फेकतात आणि पोरं थंड पाण्यात उड्या मारतात. पाणी आता पवित्र झालं, बारा दिवस संपले. त्याच सकाळी लहान मुलं आजी-आजोबा, धर्मपिता, काका-मामांकडे जातात आणि दारातच म्हणतात: कालिमेरा जे ता फोता, जे तिन पुलुस्त्रिना प्रोता. सुप्रभात, सणाच्या शुभेच्छा, आणि आधी पुलुस्त्रिना द्या. पुलुस्त्रिना म्हणजे या दिवशी मुलांच्या हातावर ठेवायचे पैसे. आदल्या संध्याकाळी ज्या पोरांनी धाब्यावरच्यांना ‘घ्या आणि निघा’ म्हटलं, तीच आज दारात उभी राहून यमकात मागतात, घेतात आणि पुढच्या घराकडे पळतात. पूर्वी नाणं मिळायचं. २००८ पासून युरो मिळतात, आणि नाणं दिलं तर पोरं नाक मुरडतात, असं आजोबा लोकांचं म्हणणं.